बटणांचा फोन घेतला, तेव्हा काय काय अडलं
मुलीशी बोलतानाही हात स्क्रीनकडे जायचा, ते मला थांबवायचंच होतं. पहिली अडचण सिमची. बरेच बटणफोन जुन्या टूजी नेटवर्कवरच चालतात आणि माझ्या सिमच्या कंपनीचं टूजी नाही, म्हणून फोरजी व्होल्टीचा, म्हणजे फोरजीवरूनच बोलता येईल असा, बटणफोन शोधून घेतला. नंबर सिमवर उतरवले. तिथं साधारण अडीचशेच मावतात आणि देवनागरीतली लांब नावं मध्येच तुटतात. मग ‘ताई’, ‘गॅस’, ‘दूध’ अशी आखूड नावं केली.

पैशांसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये आणलेलं यूपीआय १२३पे आहे, साध्या फोनवरून पैसे पाठवायची सोय. तिच्या ठरलेल्या नंबरवर फोन लावायचा, सांगतील ती बटणं दाबायची, पिन टाकायचा. इंटरनेट लागत नाही. भाजीला मात्र रोखच बरी. ओटीपी एसएमएसने येतात. व्हॉट्सअ‍ॅप जुन्या फोनवर, घरच्या वायफायवर, फक्त शाळेच्या ग्रुपसाठी ठेवलंय.