प्लेअरसीटीएल लायब्ररी वापरताना या चुका टाळा

लिनक्स डेस्कटॉपवरचे गाणी-व्हिडिओ वाजवणारे बहुतेक प्लेअर एमप्रिस या ठरलेल्या इंटरफेसमधून डी-बसवर (प्रोग्रॅमनी एकमेकांना निरोप द्यायची वाट) भेटतात आणि प्लेअरसीटीएल लायब्ररी त्याच वाटेने त्यांना हुकूम पोचवते. ती निरोप्या आहे; निरोप मानायचा की नाही ते प्लेअर ठरवतो. एवढं डोक्यात ठेवलं की ‘लायब्ररीत बग आहे’ म्हणून केलेली निम्मी शोधाशोध वाचते.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती वेळेच्या हिशोबात. एमप्रिसमध्ये वेळ मायक्रोसेकंदांत असते. ३० सेकंद पुढे जायचं तर सीकला (गाणं पुढे-मागे सरकवणारं फंक्शन) ३,००,००,००० द्यावे लागतात. मिलिसेकंद समजून ३०,००० दिले तर गाणं ०.०३ सेकंद सरकतं आणि आपल्याला वाटतं, काहीच झालं नाही. घोळ वाढतो तो टर्मिनलमुळे: तिथली पोझिशन कमांड सेकंद घेते, लायब्ररीचं फंक्शन मात्र मायक्रोसेकंद. हा आकडा ३२ बिटांच्या पूर्णांकात साठवू नका. तो सुमारे ३५ मिनिटं ४७ सेकंदांना भरतो, त्यामुळे गाण्यांवर चाचणी सुरळीत होते आणि तासाभराच्या पॉडकास्टवर वेळ उणे दिसू लागते.

सीकबार, म्हणजे गाणं कुठवर आलं ते दाखवणारी पट्टी, गोठतो त्याचं कारण वेगळं. गाणं वाजत असताना पोझिशन बदलल्याची सूचना प्लेअर पाठवतच नाही. दर क्षणाला संदेश आले तर बसवर गर्दी होईल. पोझिशन एकदा विचारा, पुढची वेळ आपल्या घड्याळावरून आणि रेटवरून (वाजण्याचा वेग) मोजा. सीक्ड सिग्नल (गाणं सरकवलं गेल्याची सूचना) आला, गाणं बदललं किंवा पॉज झालं की पुन्हा विचारा.

डी-बसवरून थेट सेट-पोझिशन वापरत असाल तर सोबत चालू ट्रॅकचा आयडी लागतो. तुम्ही आयडी वाचला आणि तेवढ्यात गाणं बदललं, तर हुकूम गुपचूप टाकून दिला जातो, एररही येत नाही. ही चांगलीच सोय आहे, नाहीतर नवंच गाणं मध्यावर जाऊन पडलं असतं.

मेटाडेटावर, म्हणजे प्लेअरने दिलेल्या गाण्याच्या माहितीवर, आंधळा विश्वास नको. कलाकार ही एक स्ट्रिंग नसून यादी असते. लाइव्ह स्ट्रीमला लांबी नसू शकते. टक्केवारी काढण्याआधी ते तपासलं नाही तर शून्याने भागाकार ठरलेला.

सिग्नल जोडले, तरी कॉलबॅक (सिग्नल आल्यावर चालायचं तुमचं फंक्शन) चालत नाही? जीलिब या लायब्ररीचा मेन लूप (सिग्नलची वाट पाहत फिरणारा लूप) सुरू आहे का ते पाहा. पायथनमध्ये हे हमखास विसरतं.

प्लेअरचं नाव कोडमध्ये पक्कं लिहिण्याचा मोहही टाळा. एकाच प्लेअरच्या दोन खिडक्या उघडल्या तर नावापुढे ‘इन्स्टन्स’ आणि क्रमांक लागू शकतो. लायब्ररीतला प्लेअर-मॅनेजर वापरून प्लेअरचं नाव दिसल्या-गेल्याचे सिग्नल ऐका आणि हव्या त्या प्लेअरला मॅनेज-प्लेअर फंक्शनने मॅनेजरच्या हवाली करा. यादीत एमपीव्ही हा प्लेअर दिसत नसेल तर त्याचं एमप्रिस प्लगइन घातलेलं आहे का ते आधी पाहा.

स्क्रिप्ट टर्मिनलमध्ये चालते आणि क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) किंवा सुडोने (दुसऱ्या युजरच्या, सहसा रूटच्या, हक्काने चालवणं) ‘प्लेअर सापडला नाही’ म्हणते, तेव्हा दोष बहुधा सेशन बसचा, म्हणजे लॉगिन केलेल्या युजरच्या डी-बसचा असतो. बस प्रत्येक युजरची वेगळी. सुडो काढा, क्रॉनमध्ये सेशन बसचा पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून द्या. सिस्टमडी असलेल्या यंत्रांवर तो सहसा रन/युजर फोल्डरमधल्या युजर आयडीच्या फोल्डरात ‘बस’ नावाच्या सॉकेटचा असतो.