बाबा "कशाला उगाच" म्हणतात, तरी त्यांची एकसष्टी कशी करायची

जूनच्या तिसऱ्या रविवारी फादर्स डेचा कप आणि केक आणला की बाबा एकदा हसतात, कप शोकेसमध्ये जातो आणि विषय संपतो. त्याला माझा विरोध नाही, पण बापाचं कौतुक करायला आपल्याकडे एकसष्टी आहे की! फक्त ती बहुतेक घरांत अशी होते की बाबा दिवसभर पाटावर बसून धूर खातात आणि नातेवाईक जेवून जातात. तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी तारखेचा घोळ मिटवा. 60 पूर्ण होऊन 61वं लागतं तेव्हा एकसष्टी, म्हणजे साठाव्या वाढदिवसाच्या आसपासची जन्मतिथी. साठच का, तर संवत्सरं (पंचांगातली वर्षांची नावं) 60 आहेत आणि जन्माचं संवत्सर परत येतं. 1966 च्या गुढीपाडव्यानंतर वर्षभरात जन्मलेल्यांचं पराभव संवत्सर 2026 च्या पाडव्याला परत आलं. (नाव ऐकून घाबरू नका, बाबांना तर मुळीच सांगू नका.) काही घरी 61 पूर्ण झाल्यावर करतात, तेही चालतं, आत्याशी वाद घालू नका.

सरप्राइज मात्र देऊ नका. बाबा लोकांना सरप्राइज आवडत नाही, त्यांना खर्च आधी कळावा लागतो. पहिल्यांदा विचारलं की उत्तर येणार "काही नको, पैसे वाचवा". हा नकार धरायचा नाही आणि लगेच हॉलही बुक करायचा नाही, चार दिवस जाऊ द्या आणि मग "करायचं की नाही" असं न विचारता "बोलवायचं कोणाला" असं विचारा, कागद पेन त्यांच्याच हातात द्या. यादी ते स्वतःच करायला लागतात आणि त्या यादीत तुम्ही कधी न ऐकलेली दोन तीन नावं निघतात, कोणी डेपोतला मित्र, कोणी खोलीवर एकत्र राहिलेला. त्यांना फोन आधी करा, व्याही मंडळींना नंतर केला तरी चालतो.

साठीशांत (होमहवनाचा विधी) करायची की नाही हे त्यांनीच ठरवायचं. करायची असेल तर गुरुजींना आधीच विचारा की होम, अभिषेक सगळं धरून वेळ किती लागेल, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली बसवण्यात काही पुण्य नाही, चौरंग किंवा खुर्ची चालते का तेही विचारून घ्या. आई शेजारी बसणार म्हणजे तिच्याही गोळ्या, चहा, पाणी बघायचं. आई नसेल तर बऱ्याच बाबांना ती शेजारची रिकामी जागा नको असते, तिथे नुसतं औक्षण आणि जेवण करा, आग्रह करू नका.

औक्षणाला 61 दिवे. कणीक घट्ट भिजवा, थोडी हळद घाला, आदल्या रात्री सगळ्यांनी बसून दिवे करा, फुलवाती तुपात भिजवून ठेवा. मोठी परात दोघींनी धरावी लागते आणि पंखे बंद करायला एक माणूस नेमा, नाहीतर निम्मे दिवे पेटवेपर्यंत निम्मे विझलेले असतात. तुला (त्यांच्या वजनाइतकी वस्तू दान) करणार असाल तर 70 किलोचे बाबा म्हणजे 70 किलो गूळ, तो कोणाला द्यायचा हे आधी ठरवा. माझ्या मते वह्या-पुस्तकांची तुला करून ती त्यांच्या गावच्या शाळेला द्यावी, तिथे बाबा स्वतः द्यायला जातात आणि तो दिवस त्यांना जास्त आवडतो.

आता खरं काम. भाषणं कमी करा आणि महिनाभर आधीपासून बाबांना बोलतं करा. "तुमचं बालपण कसं होतं" विचारलं तर "चांगलं होतं" एवढंच येतं. त्यापेक्षा पहिला पगार कशावर उडवला, स्कूटरचा नंबर लागायला किती वर्षं थांबलात, असं काहीतरी हाताला लागणारं विचारा. गावाकडचे असतील तर 1972 च्या दुष्काळात मिळालेली सुकडी (मदतीचा कोरडा खाऊ) आणि मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) विचारा, तेव्हा ते पाच-सहा वर्षांचे असतील पण चव सांगतात! परळ-लालबागचे असतील तर 1982 च्या गिरणी संपात घर कसं चाललं ते, लातूरकडचे असतील तर 1993 च्या भूकंपाची ती पहाट. समोरासमोर बसवून मुलाखत घेऊ नका, गाडीत शेजारी बसलात की किंवा ते पंखा दुरुस्त करत असले की आपोआप बोलतात. फोनवर रेकॉर्ड करणार असाल तर सांगून करा, दहा मिनिटांत ते विसरतात.

त्यातलं पाच-सात मिनिटांचं निवडून कार्यक्रमात लावा, पण त्यांना आधी ऐकवा, एखादी गोष्ट चारचौघांत नको असते. शाल-श्रीफळ एकदाच, प्रत्येक नातेवाइकाने वेगळी शाल आणली की कपाट भरतं, निमंत्रणातच "आहेर नको" लिहा. जेवण केटररच्या नाही तर बाबांच्या पसंतीचं, त्यांना पिठलं-भाकरी हवी असेल तर पनीर बाजूला ठेवा.

आणि त्या दिवशी केटररचा हिशोब, पार्किंग, हॉलची किल्ली यातलं काहीही बाबांकडे जाऊ देऊ नका, त्यासाठी एक भाचा ठरवा आणि त्याचा नंबर सगळ्यांना द्या. रात्री ते विचारणारच "किती झाले?", तेव्हा आकडा तुम्ही भावंडांनी आधीच एक ठरवून ठेवा.