रोजचे पाच युनिट: इंदूरच्या एका खोलीचं वीजबिल आटोक्यात ठेवताना

मध्य प्रदेशच्या अटल गृह ज्योती योजनेत (आधीचं नाव इंदिरा गृह ज्योती) महिन्याचा वापर 150 युनिटांच्या आत असला, तर पहिल्या 100 युनिटांचे 100 रुपयेच लागतात, वरचे युनिट नेहमीच्या दराने. 150 च्या पुढे गेलात की सवलत सगळीच जाते. हिशेब दिवसाला सरासरी 5 युनिटांचा, त्यामुळे रीडिंग 28 दिवसांनी झालं तर मर्यादा 140. म्हणून रोज रात्री एकाच वेळी मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहा.

कोण किती वीज खातं, हे मीटरचा लाल दिवाच सांगतो. शेजारी 3200 असं छापलं असेल, तर दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट पडतो. सगळं बंद करून फक्त पंखा लावा. दहा लुकलुकींचे सेकंद मोजून दहाने भागा आणि त्या आकड्याने 1125 ला भागा, म्हणजे वॉट मिळतात. एका लुकलुकीला 15 सेकंद आले तर पंखा 75 वॉटचा. मीटरवर 1600 असेल तर 1125 ऐवजी 2250 घ्या.

मग पंखाही बंद करून, सगळे प्लग काढून पाच मिनिटं दिव्याकडे पाहत बसा. एवढा वेळ हवाच, कारण सेटटॉप बॉक्ससारखी दहा वॉटची वस्तूही जवळजवळ दोन मिनिटांनी एकदाच दिवा लुकलुकवते. प्लग काढूनही लुकलुकतोय, पण मेन स्विच पाडल्यावर थांबला, तर घरातल्या वायरिंगमध्ये गळती आहे. बहुतेकदा ओल्या भिंतीत. यात बिलापेक्षा जिवाची भीती मोठी, वायरमन त्याच दिवशी बोलवा. मेन पाडूनही थांबला नाही, तर मीटर आणि मेनच्या मधेच कुणी तार जोडली असेल किंवा मीटर बिघडला असेल. वीज कंपनीकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या.

थंडीत खरा घात रॉड करतो. 15 लिटरची बादली 20 अंशांवरून 45 वर न्यायला 1500 वॉटच्या रॉडला सुमारे 18 मिनिटं, म्हणजे जवळपास अर्धा युनिट लागतो. चार बादल्यांत दिवसाचे जवळपास दोन युनिट संपतात. दुपारी काळ्या पिंपात पाणी उन्हाला ठेवलं तर रॉडचा वेळ बराच कमी होतो. प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका.

पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविना मोटरचा पंखा घ्या. 15 तासांना जुना पंखा 1.1 युनिट खातो, हा साधारण 0.45.

राजवाड्याजवळच्या जुन्या वाड्यांतून एका मीटरवर दोन-तीन बिऱ्हाडं असतात. सवलत मीटरला मिळते, चुलीला नाही. तिथे कितीही काटकसर केली तरी 150 ओलांडले जातातच, तेव्हा आधी घरमालकाशी वेगळ्या मीटरचं बोला.