अमेरिकन प्रायोगिक नाणं हाती आलं तर: एका सराफाची पद्धत

प्रायोगिक नाणं म्हणजे नवा धातू किंवा नवी घडण अजमावायला टाकसाळीनं पाडलेलं नाणं. ते हाती आलं तर पहिली गोष्ट, कसोटीचा दगड आणि तेजाबाची बाटली कपाटात ठेवा. सोन्याच्या बांगडीला कस लावला तर काही बिघडत नाही, पण दुर्मिळ नाण्यावर एक ओरखडा आला की भाव गेलाच. चिंच लावून चकचकीत करणं तर त्याहून वाईट.

जळगावात आमच्या पेढीवर अमेरिकेहून सुट्टीला आलेली मंडळी हमखास आणतात ते १९४३ चं ‘तांब्याचं’ सेंट (डॉलरच्या शंभराव्या भागाचं नाणं). हे प्रायोगिक नव्हे, चुकून पडलेलं नाणं, पण तपासायची पद्धत तीच. त्या साली युद्धासाठी तांबं हवं होतं, म्हणून टाकसाळीनं जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचं सेंट पाडलं. मागे राहिलेल्या मोजक्या ब्राँझच्या चकत्यांवर चुकून तोच ठसा बसला. खरं निघालं तर लाखांत डॉलर, म्हणून नकलाही ढीगभर.

आधी लोहचुंबक. चिकटलं, तर पोलादावर तांब्याचं पाणी चढवलंय, विषय संपला. नाही चिकटलं तरी हुरळू नका. १९४८ च्या सेंटमधला ८ घासून ३ करणारे हुशार लोक आहेत. भिंग लावा, खऱ्या नाण्यातल्या ३ चं शेपूट लांब, खाली उतरलेलं असतं.

मग काटा, आणि तो सराफाचाच, मिलिग्रॅम दाखवणारा. ब्राँझचं सेंट ३.११ ग्रॅम, पोलादी २.७०. आता पेलाभर पाणी काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा साधारण ०.३५ दाखवेल. कोरड्या वजनाला त्यानं भागा, ही झाली घनता: ८.८ च्या आसपास आलं तर ब्राँझ, ७.८ पोलाद, २.७ ॲल्युमिनियम. (भाजीवाल्याच्या काट्यावर हा हिशोब जमत नाही.)

ॲल्युमिनियमचं १९७४ चं सेंट मिळालं तर मात्र विकायच्या गोष्टी करू नका. तांबं महागलं म्हणून ती पंधरा लाखांवर पाडली होती, नंतर वितळवली. उरलेली सरकारचीच, असं अमेरिकी सरकार मानतं. त्या सालचं डेन्व्हर टाकसाळीचं एक नाणं कोर्टकज्जानंतर २०१६ मध्ये परत गेलंय.

कॅरेटच्या मशीनवर आंधळा भरवसा नको. ते फक्त वरचा थर वाचतं. मुलाम्याला तेच फसतं.

सराफ म्हणून मला सगळ्यात आवडतो तो १८७९ चा चार डॉलरचा ‘स्टेला’, सोन्याचं प्रायोगिक नाणं. ६ ग्रॅम सोनं, ०.३ चांदी, ०.७ तांबं, एकूण ७ ग्रॅम, हा हिशोब नाण्यावरच कोरलाय! म्हणजे साडेवीस कॅरेट. त्याच काळातल्या ‘गोलॉइड’ डॉलरमध्ये चांदीत थोडं सोनं मिसळलं होतं, पण दिसायला निव्वळ चांदी, म्हणून तो चाललाच नाही. तिथेही पाण्यातलं वजन कामी येतं: अमेरिकी चांदीच्या डॉलरची घनता १०.३ च्या आसपास, सोनं मिसळलं की आकडा किंचित वर सरकतो.

एवढं सगळं जुळलं, तरच पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या अमेरिकी कंपन्यांकडे तपासणीला पाठवा. कडेनं धरा, आणि पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, हिरवा चिकट थर धरतो.