उतार आधी मोजा, मग सिमेंट कालवा

आम्ही इंदूरच्या राजेंद्रनगरात राहतो. आई सहा वर्षांपासून चाकाच्या खुर्चीवर आहे. एका लग्नाला गेलो, तिथे दीड फूट उंच ओटल्याला जेमतेम चार फुटांचा उतार होता. चौघांनी खुर्ची उचलून वर नेली, आईने डोळे गच्च मिटले होते. उतरायच्या धास्तीने ती धड जेवलीसुद्धा नाही. तेव्हापासून ओळखीत कुठे बांधकाम निघालं की मी टेप घेऊन जाते.

हिशेब सोपा आहे: एक फूट चढाला बारा फूट लांबी. म्हणजे दीड फुटाच्या ओटल्याला १८ फूट. मिस्त्री विचारेलच, "ताई, एवढी जागा कुठाय?" मग उतार भिंतीलगत वळवून घ्या, पण वळणावर दीड मीटर लांब-रुंद सपाट जागा सोडा. वर दारापाशीही तेवढीच हवी, नाहीतर दार ओढताना खुर्ची मागे घरंगळते. उंची नजरेने ठरवू देऊ नका. पाण्याची नळी लावून लेव्हल काढायला सांगा. उताराचं खालचं टोक रस्त्याला अगदी भिडलेलं हवं. तिथे इंचभर पायरी राहिली तरी पुढची छोटी चाकं अडतात आणि माणूस पुढे कलंडतो. हे मी पाहिलंय.

रुंदी किमान १.२ मीटर. गुळगुळीत फरशी नकोच, पावसात घसरते. कोबा ओला असतानाच त्यावर आडवा झाडू फिरवा. स्कूटर चढू नयेत म्हणून खांब रोवणार असाल, तर दोन खांबांत ९० सेंटिमीटर तरी मोकळे सोडा.

बसथांब्याकडे जाणाऱ्या फुटपाथवर अंधांना वाट कळावी म्हणून पिवळ्या फरश्या बसवताना रेघांची फरशी म्हणजे 'चालत राहा', टिपक्यांची म्हणजे 'थांबा, पुढे काहीतरी आहे', एवढं कामगारांना समजावून सांगा. त्या पट्टीवर खांब, पाटी, पोह्यांची गाडी, काहीही येऊ देऊ नका.

कोणी टाळाटाळ केली तर २०१६ चा दिव्यांगजन अधिकार कायदा पुढे करा. लोकांची ये-जा असलेली खासगी इमारतही त्यात येते.

उताराला कठडे दोन्ही बाजूंना, प्रत्येकी दोन उंचीचे: ७६ आणि ९० सेंटिमीटर. ते पक्के करण्याआधी खुर्चीवरच्या माणसाला बोलवा. आम्ही आईला नेतो. ती एकदा वर जाते, एकदा खाली येते, आणि हात कुठे आधार शोधतो ते दाखवते. तिथे मी खडूने खूण करते.