तंटामुक्ती समितीत नवे आहात? मग कुठे हात घालायचा नाही ते आधी पाहा

बांधाचं भांडण, भावकीतली वाटणी, सांडपाण्यावरून कुरबूर हे चार बैठका बसलात की जमतं, त्यावर मी लिहीत नाही. भेदभावाची तक्रार आली की मात्र नवा माणूस हमखास फसतो. मीही फसलो.

होतं असं. सार्वजनिक नळावर एका बाईचा हंडा कुणी भिरकावतो, जात काढून शिव्या देतो. ती समितीकडे येते. तिन्हीसांजेला पारावर बैठक. ‘झालं गेलं विसरा, एका गावात राहायचंय’, सगळे तिलाच सांगतात. तो हात जोडतो. लगेच स्टॅम्प पेपर पुढे येतो: ‘आमचे आपसात मिटले असून आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.’ बाईचा अंगठा, खाली साक्षीदार म्हणून तुमची सही.

आता नीट वाचा. बाई अनुसूचित जाती-जमातीतली आणि तो त्याबाहेरचा असेल, तर हा १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा आहे. दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास करता येतो, आणि आपसात मिटवण्याजोगा नाही. म्हणजे जे मिटवायचा तुम्हाला अधिकारच नाही, ते तुम्ही कागदावर मिटवलंत. कायद्याने गुन्हा जागच्या जागी राहतो. तो कागद पुढे एकाच कामाला येतो: बाईने फिर्याद दिली की समोरचा वकील विचारतो, ‘तेव्हा तक्रार नव्हती, आता कुठून आली?’ सही तुमची असते, उत्तर तिला द्यावं लागतं.

वाळीत टाकण्याचंही तेच, समितीने मिटवायचं नाही. २०१६ च्या सामाजिक बहिष्कार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तडजोडीला वाट आहे, पण पीडिताची संमती आणि कोर्टाची परवानगी घेऊन.

२००७ पासूनची ही तंटामुक्त गाव मोहीम हेतूने चांगली. पण मिटवलेल्या तंट्यांना गुण आणि गुणांवर पुरस्कार असला की कागद रंगवायची घाई होते, हे माझं मत. दोन दिवसांच्या प्रशिक्षण शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर लावा हवं तर. गुरू मात्र तालुक्याच्या कोर्टात दिवसभर खपणारा वकील करा. ‘आपण बघून घेऊ’ म्हणणारा पुढारी नको.

एवढं वाचून घाबरू नका. काम सोपं आहे. बाईचं एकटीचं ऐका, समोरच्याला शेजारी बसवून नाही. ‘अपशब्द वापरले’ असं सोवळं लिहू नका. नेमके शब्द, जागा, वेळ, कोणी ऐकलं, सगळं लिहा. चारचौघांच्या देखत घडलं की घरात, यावर कलम टिकतं. मग तिच्याबरोबर ठाण्यात जा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा नोंदवायला आधी चौकशी लागत नाही. पोलीस ‘आधी समितीत मिटवा’ म्हणाले तर लेखी तक्रार टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे धाडा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

गुन्हा नोंदला की समिती रिकामी झाली असं नाही. दुसऱ्या दिवशी तिला पाणी भरायचंच असतं. त्या वेळी नळावर समितीतले दोघं जण उभे राहा.