ग्रिल लवते की फिक्स्चर?

क्रिकेट हेल्मेटच्या ग्रिलचा ताठपणा मोजणं कागदावर सोपं आहे. यूटीएमवर, म्हणजे दाबण्या-ओढण्याच्या चाचणी यंत्रावर दाबायचं, बल आणि सरक यांचा आलेख काढायचा आणि त्याचा चढ न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये वाचायचा. नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत नव्यानं टेस्टिंगला लागलेल्यांचे किंवा कॉलेजात हा प्रोजेक्ट घेतलेल्यांचे आकडे तरीही रोज बदलतात आणि बोल लावला जातो ग्रिलला.

आधी फिक्स्चर, म्हणजे ग्रिल यंत्रावर पकडून ठेवणारी चौकट तपासा. क्रॉसहेडच्या (यंत्राच्या वरखाली होणाऱ्या आडव्या भागाच्या) सरकेत ग्रिलबरोबर फिक्स्चर, बोल्ट आणि बल मोजणाऱ्या लोड सेलचं लवणंही मिसळलेलं असतं. ग्रिल १०० न्यूटन प्रति मिमी आणि बाकी सगळी जोडणी १००० असेल, तर वाचन ९१ च्या आसपास येतं. नऊ टक्के तिथेच गेले. ग्रिलच्या जागी भरीव पोलादी ठोकळा बसवून दाबा, जी सरक दिसेल ती वजा करा. त्याहून बरं म्हणजे ०.०१ मिमीपर्यंत सरक दाखवणारा काट्याचा डायल गेज फिक्स्चरच्या बेसवरून थेट दाबल्या जाणाऱ्या वायरला टेकवा.

५० किलोन्यूटनच्या लोड सेलवर ३०० न्यूटन वाचू नका, लहान सेल लावा. दाबायला ७२ मिमी व्यासाचा पोलादी अर्धगोल घ्या, कारण चेंडू साधारण तेवढाच असतो. जागा मार्करनं खुणावा: अर्धगोल दोन वायरींच्या मधून थोडा सरकला, तरी भार एकीवरच येतो.

स्क्रू दर वेळी टॉर्क ड्रायव्हरनं (ठरवलेल्या पिळानंच आवळणाऱ्या पेचकसानं) सारखेच आवळा. २० न्यूटनवर शून्य धरून मिनिटाला ५ मिमी वेगानं ३०० न्यूटनपर्यंत तीन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत सांधे जागेवर बसतात, आलेखात पायऱ्या दिसतात. चढ तिसरीचा, १०० ते ३०० मधला घ्या. भार परत २० न्यूटनवर आणल्यावर काटा शून्याजवळ आला नाही, तर स्क्रू घसरलेत का ते बघा. नसतील, तर वायर कायमची वाकली. तो नमुना बाद.

वायरचा व्यास पावडर कोटिंग खरवडूनच मायक्रोमीटरनं मोजा. वाकताना ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं बदलतो: ४ ऐवजी ३.८ मिमी वायर आली, तर तो १८ टक्क्यांहून जास्त घटतो.

ताठ ग्रिल म्हणजे सुरक्षित ग्रिल नव्हे. फटीतून चेंडू आत शिरतो का, हे या चाचणीत कळत नाही. त्यासाठी बीएस ७९२८:२०१३ या क्रिकेट हेल्मेटच्या ब्रिटिश मानकात ग्रिलवर चेंडू मारण्याची वेगळी चाचणी आहे. आणि रिपोर्टवर ग्रिल सुटी तपासली की हेल्मेटवर बसवून, ते ठळक लिहा. प्लास्टिकचं कवचही लवतं, त्यामुळे ते दोन आकडे एका तक्त्यात मांडता येत नाहीत.